जबड्याचा सांधा दुखतोय? शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी काय करायचं, क्रमाने

जबड्याच्या सांध्याचं दुखणं सुरुवातीला जबड्याचं वाटतच नाही. कान भरल्यासारखा वाटतो, सकाळी उठल्यावर कानशिलं जड असतात, किंवा एखादी दाढ विनाकारण ठणकते. कानाची तपासणी होते, कान स्वच्छ निघतो. दाढेचा एक्स-रे होतो, त्यातही काही सापडत नाही. असे काही महिने गेल्यावर कुणीतरी कानापुढे बोट दाबून पाहतं, आणि दुखणं तिथे सापडतं.

बहुतेक लोकांचं हे दुखणं शस्त्रक्रियेविना आटोक्यात येतं. मात्र त्यासाठी उपाय योग्य क्रमाने करावे लागतात. सगळ्यात आधी सांध्यावर आणि स्नायूंवर दिवसभर नकळत पडणारा भार कमी करायचा. त्यानंतर व्यायाम, औषध आणि गरज असेल तर रात्रीची पट्टी, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण. जे उपाय एकदा केले की मागे घेता येत नाहीत, म्हणजे दात घासून बुटके करणं, जबड्यासाठी म्हणून दातांना तारा लावणं किंवा शस्त्रक्रियेने सांधा उघडणं, त्यांची पाळी सगळ्यात शेवटी. गोंधळ होतो तो हा क्रम उलटा लागल्यामुळे.

## १. दुखणं खरंच सांध्याचं आहे ना, हे आधी पाहा

पुढची लक्षणं असतील तर व्यायाम आणि शेक बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

- जिना चढताना किंवा भरभर चालताना जबडा दुखतो आणि थांबलं की कमी होतो. सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप आहे. हे हृदयाचं दुखणं असू शकतं. लगेच तातडीच्या विभागात जा.
- वय ५० च्या पुढे आहे, कानशिलात नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली आहे, घास चावता चावता जबडा थकून दुखतो, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते, नजर धूसर होते किंवा एकाच्या दोन वस्तू दिसतात. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आली की असं होतं आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी दाखवा.
- गाल किंवा गळ्याला सूज, ताप, गिळताना त्रास, आणि तोंड उघडेनासं झालं आहे. दाढेतला संसर्ग पसरत असू शकतो.
- खालचा ओठ किंवा गाल बधिर आहे, गाठ लागते, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, गालाचा आतला भाग पांढरट आणि ताठ होत चालला आहे, किंवा तोंड आठवड्यागणिक कमी उघडतं आहे.
- मार लागल्यानंतर वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नाहीत.
- तोंड मोठं उघडलं आणि मिटतच नाही. सांधा निखळला आहे. घरी जोर लावून बसवू नका, जितका वेळ जाईल तितके स्नायू आवळत जातात.

गालावर वारा लागला, दात घासायला घेतले की विजेचा झटका बसल्यासारखी काही सेकंदांची कळ येते, हा प्रकारही वेगळा. ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं असतं आणि त्याची औषधं निराळी असतात.

## २. सांधा कसा चालतो ते बोटाने पाहा

कानाच्या भोकापुढे जो छोटा मऊ उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंना तर्जनीची टोकं ठेवा. हळूहळू तोंड उघडा. आधी बोटाखाली हाड जागच्या जागी फिरल्यासारखं वाटतं. साधारण दोन बोटं तोंड उघडलं की तेच हाड पुढे सरकतं आणि बोटाखाली खळगा जाणवतो. मिटताना ते पुन्हा मागे येऊन खळगा भरून काढतं.

हा सांधा आधी फिरतो आणि मग घसरतो. खालच्या जबड्याचं गोलसर टोक आणि कवटीतली खाच यांच्यामध्ये चिवट कूर्चेची एक चकती असते आणि ती हाडाबरोबर पुढे-मागे सरकते. चकती जागेवरून थोडी पुढे घसरलेली असेल, तर तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि खटका वाजतो.

खटक्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. नुसता खटका वाजतो, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, तर उपचाराची गरज नसते. दुखणं नसलेल्या बऱ्याच लोकांच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली सापडते. आवाज बंद करण्याच्या नादात केलेल्या उपचारांनी नवीन दुखणी उभी राहतात. आवाजापेक्षा वेदना आणि तोंड किती उघडतं याकडे लक्ष द्या.

## ३. तुमचं दुखणं कोणत्या प्रकारचं आहे

स्नायूंचं दुखणं. हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. गालफडात किंवा कानशिलात बोथट, पसरलेली वेदना असते. चावल्यावर, बराच वेळ बोलल्यावर वाढते. ओळखायला सोपं आहे: गालावर बोटं ठेवून दात एकदा घट्ट आवळा. जो स्नायू फुगून टणक होतो तो चर्वणाचा मुख्य स्नायू. आता दात सोडा आणि त्याच जागी बोटाच्या टोकाने साधारण एक किलोचा दाब द्या, पाच सेकंद धरा. (एक किलो म्हणजे किती हे कळायला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून पाहा. आपण समजतो त्यापेक्षा तो दाब जास्त असतो.) तुमची रोजची, ओळखीची वेदना तिथे जागी झाली तर दुखणं बहुधा स्नायूंचंच आहे. कधी दाब गालावर दिलेला असतो आणि कळ दाढेत किंवा कानात उमटते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सांध्याचं दुखणं. एका बोटाने दाखवता येईल अशी, बरोबर कानापुढची वेदना. तिथे हलकं दाबलं तरी दुखतं.

चकती अडकणं. इतके दिवस खटका वाजत होता. एक दिवस तो बंद झाला आणि तोंड जेमतेम दोन बोटं, साधारण २५ ते ३० मिलिमीटर, उघडू लागलं. आरशात पाहिलं तर हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. खटका गेला म्हणून बरं वाटून घेऊ नका. यात पहिले काही दिवस मोलाचे असतात, त्याच आठवड्यात दाखवा.

सांध्याची झीज. करकर, वाळूवर पाय पडल्यासारखा आवाज, सकाळी ताठरपणा. एक्स-रेमधली झीज पाहून घाबरू नका. हा सांधा झिजतो तसा स्वतःला नव्याने घडवतोही, आणि बऱ्याच जणांची वेदना काळानुसार ओसरते.

बहुतेकांत एकाहून जास्त प्रकार एकत्र असतात. तरी मुख्य प्रकार कोणता ते कळलं की अर्धं काम होतं, कारण अडकलेल्या चकतीला आणि थकलेल्या स्नायूला एकच व्यायाम चालत नाही.

## ४. जवळ ठेवायच्या वस्तू आणि कागद

मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, हातआरसा, एक वही, गरम पाण्यात भिजवता येईल असा छोटा टॉवेल, बर्फाची पिशवी, आणि सहज नजरेत भरतील असे दहा-बारा छोटे रंगीत स्टिकर. स्टिकर कशासाठी ते पुढे येईल.

डॉक्टरकडे नेण्यासाठी: दातांचे जुने एक्स-रे, आधीच्या रात्रीच्या पट्टीबद्दल किंवा रूट कॅनलबद्दलचे कागद, कानाच्या तपासणीचा अहवाल, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. यादीत नैराश्यावरच्या गोळ्या लपवू नका. त्यांतल्या काहींमुळे दात आवळण्याची किंवा झोपेत दात खाण्याची सवय सुरू होते. तसं असेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. स्वतःहून गोळी मात्र थांबवायची नाही.

वहीत रोज दोन मापं लिहा. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत, दरवेळी तेच दोन दात धरून. पहिलं माप न दुखता किती उघडतं याचं, दुसरं दुखलं तरी जास्तीत जास्त किती उघडतं याचं. प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं; स्वतःची तीन बोटं उभी मावली तर ढोबळमानाने ठीक. सुधारणा आधी पहिल्या मापात दिसते, म्हणून दोन्ही हवीत. जोडीला वेदनेला ० ते १० मधला आकडा, कोणत्या वेळी जास्त दुखलं आणि तेव्हा काय चाललं होतं, एवढंच लिहा. सकाळी उठताच जास्त दुखत असेल तर रात्री दात खाण्याचा संशय घ्या. संध्याकाळी वाढत असेल तर दिवसभर दात आवळले जात आहेत.

## ५. दात सुटे ठेवणं: सगळ्यात महत्त्वाची पायरी

स्वस्थ बसलेल्या माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेले नसतात. ओठ मिटलेले, दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. दात दातांना लागतात ते चावताना आणि गिळताना, आणि दिवसभराचा तो सगळा वेळ मिळून मिनिटांतच मोजण्याइतका असतो.

दुखणाऱ्या लोकांमध्ये हा वेळ तासांवर जातो. दात करकचून आवळलेलेच असतात असं नाही. नुसते हलके टेकलेले असले तरी स्नायू पूर्ण सैल होत नाहीत, आणि आठ तास हलका ताण धरलेला स्नायू संध्याकाळी ठणकतो. विचारलं तर जवळजवळ प्रत्येकजण सांगतो, "मी दात आवळत नाही." हे खोटं बोलणं नाही, खरंच कळत नाही. म्हणून स्टिकर.

कॉम्प्युटरच्या कडेला, फोनच्या मागे, गाडीच्या स्टीअरिंगवर, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, बाथरूमच्या आरशावर एकेक चिकटवा. स्टिकर दिसला की एकच प्रश्न विचारा: आत्ता दात लागले आहेत का? लागले असतील तर 'न' म्हणा, आवाज न करता. 'न' म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकते आणि दात आपोआप सुटतात. ओठ मिटा, नाकाने श्वास घ्या, खांदे खाली सोडा. दहा सेकंदांचं काम आहे. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीस-चाळीस वेळा करावं लागतं. दोन आठवड्यांनी स्टिकरांच्या जागा बदला, कारण रोज त्याच जागी दिसणारी वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते.

इथे एक चूक नेहमी होते. दात सुटे ठेवायचे म्हणून लोक जबडा खाली ओढून धरतात किंवा जीभ टाळूवर जोरात दाबतात. दोन्हींत स्नायू कामालाच लागतात. जबडा धरायचा नाही, सोडायचा.

याच यादीत नखं खाणं, पेन चावणं, गालाची आतली कड चावणं, च्युइंग गम, हनुवटी तळहातावर टेकून बसणं, फोन खांदा आणि गालाच्या मध्ये पकडणं, आणि सांधा वाजतो का हे पाहायला दिवसातून वीस वेळा मुद्दाम वाजवून बघणं येतं. शेवटची सवय सगळ्यात चिवट.

## ६. पहिले दोन आठवडे

खाणं. मऊ, छोटे घास, दोन्ही बाजूंनी चावून. पातळच खायला हवं असं नाही; चमच्याने सहज दाबलं जाईल इतपत मऊ पुरे. कडक, चिवट, बराच वेळ चघळावं लागणारं टाळा. फळ दाताने तोडू नका, फोडी करा. महिनोन्महिने मऊच खात राहणं मात्र चुकीचं. स्नायू दुबळे होतात आणि साधं खाणंही जड वाटू लागतं. दोन-तीन आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीच्या खाण्याकडे या.

जांभई. येणार असं वाटलं की जीभ टाळूला लावा आणि हनुवटीखाली मूठ धरा. अडकलेले आणि निखळलेले बरेच सांधे अशा बेसावध जांभईतले असतात.

शेक. स्नायूंच्या दुखण्याला ओला गरम टॉवेल, १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. कोरड्या शेकापेक्षा ओला चांगला लागू पडतो. टॉवेल गार झाला की पुन्हा भिजवा. सांध्यात ताजी, टोचणारी वेदना असेल किंवा नुकताच ताण बसला असेल, तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एकावेळी १० मिनिटं.

औषध. सांध्याला सूज असेल तर इब्युप्रोफेनसारखं सूज उतरवणारं औषध उपयोगी पडतं. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. खूप दुखल्यावर एखादी गोळी घेण्यापेक्षा ठरलेल्या वेळांना आठवडा-दहा दिवस घेतली तर सूज उतरते, पण तो निर्णय डॉक्टरांना विचारून घ्या. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, दमा किंवा गरोदरपण असेल तर स्वतःहून घेऊच नका. अशी दोन औषधं एकत्र घेऊ नका. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस वेदनाशामक घेतलं जात असेल तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी सुरू होऊ शकते, आणि ती जबड्याची समजून आणखी गोळ्या घेतल्या जातात. जुनाट दुखण्यात डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देतात, सहसा १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून. इथे ती वेदनेच्या वाटा शांत करण्यासाठी असते. नैराश्याची गोळी दिली म्हणून गैरसमज करून घेऊ नका.

झोप. पालथं झोपणं बंद. तोंड उशीत दाबलं जातं आणि जबडा रात्रभर एका बाजूला ढकलला जातो. पाठीवर किंवा कुशीवर, मान सरळ राहील इतकीच उंच उशी. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी तोंड कोरडं असणं हे सगळं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत दात खाणं आणि श्वास अडकणं बऱ्याचदा एकत्र आढळतात. संध्याकाळनंतर कॉफी आणि मद्य कमी केलं की काहींचा त्रास उतरतो.

## ७. व्यायाम

वेदना थोडी उतरल्यावर, शेक घेऊन झाल्यावर करा. नियम एकच: ओढ जाणवली तर चालेल, कळ आली तर थांबा. व्यायामानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ दुखणं वाढलेलं राहिलं तर पुढच्या वेळी निम्मा करा.

सरळ उघडणं. आरशासमोर बसा. जीभ टाळूला टेकलेली ठेवूनच तोंड उघडा, जीभ सुटेल तिथे थांबा. एक बोट दुखऱ्या सांध्यावर, एक हनुवटीवर. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत मनाने एक उभी रेघ ओढा आणि हनुवटी तिच्यावरून खाली न्या. सुरुवातीला हनुवटी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळत उतरते. वेग कमी केला की रेघ सरळ होऊ लागते. सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. ही ६ × ६ ची पद्धत चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारिआनो रोकाबादो यांच्या व्यायामांमधून आली आहे, आणि तिचं मर्म थोडं-थोडं पण वारंवार करण्यात आहे. सकाळी एकदम छत्तीस वेळा करून टाकलं तर उपयोग होत नाही, उलट दुखतं.

न हलवता जोर. दात सुटे. हनुवटीखाली दोन बोटं ठेवा आणि जबडा उघडायचा हलका प्रयत्न करा, बोटांनी अडवा, जबडा जागचा हलता कामा नये. पाच सेकंद. मग बोटं हनुवटीच्या उजवीकडे, मग डावीकडे. जोर पीस उचलण्याइतकाच. जबडा थरथरला तर जोर जास्त आहे असं समजा.

स्नायू मोकळा करणं. गालाच्या स्नायूवर गालाच्या हाडापासून जबड्याच्या कडेपर्यंत बोटांनी वरून खाली हळू ओढत न्या, मिनिट-दोन मिनिटं. जिथे हरभऱ्याएवढी दुखरी गाठ लागेल तिथे ३० सेकंद स्थिर दाब ठेवा. दुखणं विरघळत जातं. कानशिलावर गोल फिरवा. मसाज करताना दात लागलेले असतील तर सगळं वाया.

ताण देणं. अंगठा वरच्या पुढच्या दातांवर, तर्जनी आणि मधलं बोट खालच्या दातांवर, कात्रीसारखं. हळू उघडा, ओढ जाणवली की ३० सेकंद धरा, सोडा. तीन ते पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ज्यांचं तोंड गरजेपेक्षा जास्त उघडतं किंवा सांधा कधी निखळला आहे, त्यांनी हा व्यायाम करू नये. त्यांनी तोंड मर्यादेत उघडायलाच शिकायचं. चकती अडकलेल्यांनी आधी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावा, मग घरी.

मान. हनुवटी सरळ मागे न्या, डबल चिन पडेल अशी, खाली न झुकवता. पाच सेकंद, सहा वेळा. मान पुढे काढून स्क्रीनकडे पाहत राहिलं की जबड्याचे स्नायूही ताणलेले राहतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या उंचीला आणा.

## ८. डॉक्टरकडे: कुणाकडे, काय विचारायचं

चेहरा आणि जबड्याच्या वेदनांचं काम नियमित करणारा दंतवैद्य किंवा मुखरोगतज्ज्ञ, आणि जबड्याचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट, ही जोडी सगळ्यात उपयोगी. फक्त दातांकडे पाहून, स्नायूंना हात न लावता निदान सांगणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जा.

निदान हाताने होतं. २०१४ पासून त्यासाठी जगभर एकच निकषांचा संच वापरला जातो: स्नायू आणि सांधा दाबून पाहणं, तोंड किती उघडतं ते मोजणं, आवाज तपासणं, आणि दाबल्यावर आलेली वेदना तुमची ओळखीचीच आहे का हे विचारणं. पूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेत दाढा आणि हाडाची मोठी बिघाडं दिसतात, चकती दिसत नाही. चकतीसाठी एमआरआय, हाडासाठी सीबीसीटी (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा सीटी स्कॅनचा प्रकार). स्नायूंच्या दुखण्याला दोन्हींची गरज नसते. तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का, हे विचारून मगच करा.

दाढेचा सापळा. गालाचा स्नायू दुखतो आणि वेदना दाढेत उमटते, हे वर आलंच. मग दाढेचं रूट कॅनल होतं, दुखणं राहतं, शेजारच्या दाढेचं होतं, शेवटी दाढ काढली जाते आणि वेदना मात्र तिथेच असते. दाढेत कीड, चीर किंवा मुळाशी बिघाड दिसत नसेल तर दंतवैद्याला त्या दाढेभोवती भूल देऊन पाहायला सांगा. दाढ पूर्ण बधिर होऊनही दुखणं तसंच राहिलं तर ते दाढेचं नाही.

दात जुळण्याचा सापळा. "तुमचे दात नीट जुळत नाहीत म्हणून सांधा दुखतो, थोडे घासून देतो." या समजुतीचं मूळ जुनं आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानाच्या तक्रारींचा संबंध मागच्या दाढा नसण्याशी जोडला. त्याने दिलेलं कारण पुढे टिकलं नाही, पण दात आणि सांधा यांची सांगड लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात पक्की बसली. दात घासून सांध्याचं दुखणं बरं होतं याला भरवशाचा पुरावा नाही, आणि घासलेला दात परत येत नाही. शिवाय दुखणाऱ्या स्नायूंमुळे दात तात्पुरते वेगळे जुळू शकतात. त्या अवस्थेत घासले तर दुखणं उतरल्यावर खरोखरच जुळत नाहीत.

## ९. रात्रीची पट्टी, अर्थात स्प्लिंट

पट्टीकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवा. ती दातांची झीज थांबवते आणि काहींची सकाळची वेदना कमी करते. दात खाण्याची सवय ती घालवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत जुनाट दुखण्यासाठी सगळ्यात ठाम शिफारस झाली ती देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, मानसोपचाराच्या मदतीने वेदना हाताळायला शिकणं, आणि माहिती व धीर यांची. पट्टी त्या यादीत नव्हती. झोपेत दात खाणाऱ्यांनी ती दातांच्या रक्षणासाठी जरूर वापरावी, पण व्यायामाऐवजी नाही.

घ्यायचीच असेल तर कडक ॲक्रिलिकची, एका जबड्याचे सगळे दात झाकणारी, मापं घेऊन बनवलेली घ्या. फक्त पुढच्या दातांवर बसणाऱ्या पट्टीमुळे मोकळ्या राहिलेल्या दाढा हळूहळू वर येऊ शकतात आणि मग पुढचे दात मिटत नाहीत. गरम पाण्यात मऊ करून घरी बसवायच्या रबरी पट्टीवर काही लोक उलट जास्त चावतात.

पट्टी बसवताना दंतवैद्य रंगीत कागदाची पातळ पट्टी दातांमध्ये धरून टकटक करायला सांगतात. ठिपके दोन्ही बाजूंच्या दाढांवर सारखे उमटले पाहिजेत. एकाच बाजूला गडद डाग आणि दुसरी बाजू कोरी असेल तर तिथे घासून पुन्हा बघायला हवं. तो अधिकार तुमचा आहे, आरशात पाहा आणि विचारा. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवी. ती नसेल तर पट्टीचे पैसे बहुधा वाया गेले.

फक्त रात्री वापरा. सकाळी काढल्यावर दात थोडे वेगळे लागतात, ते काही मिनिटांत जागेवर येतात. तासाभरानेही येत नसतील तर वापर थांबवून दाखवा. चकती परत जागेवर आणायची म्हणून जबडा पुढे धरून ठेवणारी, चोवीस तास घालायची पट्टी कुणी सुचवली तर दुसरं मत घ्या. तिने दात जुळण्याची ठेवण कायमची बदलू शकते.

## १०. इंजेक्शनं आणि यंत्रं

वरच्या मार्गदर्शिकेत बोटॉक्स, लेसर, सांध्यातलं स्टिरॉइड किंवा हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन, यांच्या बाजूने कौल नाही. बोटॉक्सने स्नायूचा जोर तीन-चार महिने उतरतो, कारण गेलेलं नसतं, आणि पुन्हा पुन्हा घेतलं की स्नायू बारीक होतो. सरसकट पहिला उपाय म्हणून यातलं काहीही नको.

चकती अडकून तोंड उघडेनासं झालं आहे, आणि नीट केलेल्या व्यायामाने व फिजिओथेरपीने काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर सांधा दोन सुयांनी धुण्याचा पर्याय काही तज्ज्ञ सुचवतात. त्यात सांधा उघडत नाहीत, म्हणून तो मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी येतो.

## ११. किती वाट पाहायची

दात सुटे ठेवणं जमू लागलं की दोन आठवड्यांत संध्याकाळची वेदना उतरायला हवी. सहा आठवड्यांत न दुखता उघडण्याचं माप वाढलेलं दिसायला हवं. तीन महिने सगळं प्रामाणिकपणे करूनही आकडे हलले नाहीत तर निदान पुन्हा तपासून घ्या, उपचार वाढवण्याआधी. वेदना तीन महिन्यांहून जास्त टिकली असेल, झोप बिघडली असेल, काळजीने मन पोखरत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. दुखणं मनाचं आहे असा त्याचा अर्थ नाही. ताण आणि अपुरी झोप वेदनेचा आवाज वाढवतात आणि स्नायू आवळतात, आणि तो फास सोडवण्याच्या रीती शिकता येतात.

दुखणं पुन्हा डोकं वर काढतं: परीक्षा, घर बदलणं, रात्रीची जागरणं, किंवा दंतवैद्याकडे तासभर तोंड उघडून बसणं. तेव्हा चार दिवस मऊ खाणं, ओला शेक, स्टिकर पुन्हा चिकटवणं आणि सहा-सहाचा व्यायाम. दातांचं लांबलचक काम असेल तर आधीच सांगून ठेवा: दर दहा मिनिटांनी तोंड मिटायला द्या, आणि दातांमध्ये आधाराचा रबरी ठोकळा लावा, म्हणजे जबडा उघडा धरण्याचं काम स्नायूंवर पडत नाही. एका बैठकीचं काम दोन बैठकांत होत असेल तर तसंच मागून घ्या.